एकच टिपण, चार ठिकाणी

मुंबईत भरतीची वेळ काढायचा कोळ्यांचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला साधारण तीनला, अष्टमीला सहाला. चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो, भरतीही रोज तेवढीच लांबते, म्हणून हे गणित जमतं.

समजा, मुंबईच्या किनाऱ्याबद्दल लिहिणाऱ्या एकीने हे तिच्या टिपणांच्या ॲपमध्ये उतरवून ठेवलं. ते तिला कुठे कुठे लागेल? एक तर पावसाळी तुंबईवर लिहिताना. पर्जन्यवाहिन्या समुद्रात रिकाम्या होतात आणि मोठ्या भरतीला त्यांची तोंडं पाण्याखाली गेली की शहरातलं पाणी आपोआप बाहेर पडत नाही. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या दुपारी भरतीही होती. मग शिवडीच्या फ्लेमिंगोंवर लिहिताना, कारण चिखल उघडा पडतो तो ओहोटीला आणि पक्षी चरतात ते त्याच चिखलात. वरळी कोळीवाड्यातल्या होड्यांच्या वेळापत्रकातही तेच टिपण हवं.

सोपा उपाय म्हणजे कॉपी-पेस्ट. पण महिन्याभराने तिला कळतं, की हा हिशेब ढोबळ आहे, नेमकी वेळ भरतीच्या छापील तक्त्यातच बघावी. ती एका ठिकाणी तसं लिहिते, बाकीच्या प्रती जुन्याच राहतात. पुढच्या वर्षी यातली खरी कुठली, हे तिचं तिलाही सांगता येत नाही.

यावरचा इलाज संगणकाच्या जगात बराच जुना आहे. १९६०मध्ये टेड नेल्सन या अमेरिकी तरुणाने ‘झनाडू’ नावाच्या प्रकल्पाची कल्पना मांडायला सुरुवात केली. १९६५मध्ये ‘हायपरटेक्स्ट’ (म्हणजे एकमेकांशी जोडलेला मजकूर) हा शब्द छापील लेखात आणणाराही तोच. त्याचं म्हणणं असं, की उतारा उचलून दुसरीकडे डकवूच नये. मूळ जागीच ठेवून नव्या लेखात तो नुसता दिसेल अशी सोय करावी, म्हणजे तो कुठून आला हे कधीच हरवणार नाही. याला त्याने नाव दिलं ‘ट्रान्सक्लुजन’. झनाडू त्याच्या मनासारखा कधी उभा राहिला नाही. पुढे आलेल्या वेबने साधी लिंक घेतली: टिचकी मारा आणि दुसऱ्या पानावर जा. उतारा जागेवरच दाखवायची कल्पना मात्र टिपणांच्या सॉफ्टवेअरमध्ये रुजली.

ऑब्सिडियन या टिपणांच्या ॲपमध्ये टिपणाचं नाव दुहेरी चौकोनी कंसात लिहिलं की लिंक होते. कंसाआधी उद्गारचिन्ह टाकलं की टिपणाचा मजकूरच तिथे उमटतो. फाइलमध्ये साठतो तो फक्त पत्ता. पान उघडताना ॲप त्या पत्त्यावरून मजकूर वाचून आणतं, त्यामुळे मूळ टिपणातली दुरुस्ती सगळीकडे दिसते. रोम आणि लॉगसेक या तशाच ॲपमध्ये प्रत्येक परिच्छेदाला स्वतःची ओळखखूण असते, म्हणून एकच ओळही उचलता येते. नोशन या ॲपमध्ये अशी जोडलेली प्रत कुठूनही दुरुस्त केली तरी चालतं. मला हे जरा धोक्याचं वाटतं: आपण एका लेखासाठी वाक्य छाटतो आणि ते दुसऱ्या लेखातूनही जातं.

खरी मेहनत सॉफ्टवेअरची नाही, लिहिणाऱ्याची. ‘वर सांगितल्याप्रमाणे’, ‘त्या दिवशी’, ‘हे पक्षी’ असले शब्द टिपणात आले की ते दुसऱ्या जागी लंगडं होतं, कारण तिथे ‘वर’ भलतंच काही असतं. भरतीच्या टिपणात फक्त भरतीच हवी. फ्लेमिंगो आणि मिठी नदी आपापल्या पानावर. एका टिपणात एकच मुद्दा, हा सल्ला ऐकून ऐकून गुळगुळीत झालाय, पण इथे त्याला पर्याय नाही. बाकीच्या अडचणी किरकोळ: ॲपबाहेर फाइलचं नाव बदललं तर जोडणी तुटते, आणि दोन टिपणं एकमेकांत घातली तर फेरा संपतच नाही, म्हणून कुठे थांबायचं, हे ॲपला ठरवावं लागतं.

हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर बघायचा तर विकिपीडियावर बघावा. मराठी विकिपीडियावर त्याला ‘साचा’ म्हणतात. साच्याचं नाव दुहेरी महिरपी कंसात टाकलं की त्याचा मजकूर पानावर येतो. जास्त वापरातल्या साच्यात एक चूक केली तर ती हजारो पानांवर उमटते, म्हणून असे साचे बदलायची मुभा सरसकट सगळ्यांना नसते.

पण प्रत्येक गोष्ट अशी जिवंत जोडलेली ठेवू नये. भरतीचा नियम जोडावा. अमुक दिवशी शिवडीला काय दिसलं, ही नोंद मात्र त्या दिवशी लिहिली तशीच राहायला हवी. विकिपीडियाने याचीही सोय केली आहे. साच्याच्या नावाआधी ‘सब्स्ट’ हा आदेश लिहिला, की जतन करतानाच मजकुराची कायमची प्रत पानात उतरते आणि साच्याशी नातं संपतं. नव्या सदस्याच्या चर्चापानावरचा स्वागताचा निरोप बऱ्याचदा असाच टाकतात. पुढे साचा कितीही बदलला, तरी त्याला मिळालेला निरोप बदलत नाही.