कोलारच्या खाणीतला आडवा कण

कुलाब्याला नेव्हीनगरच्या टोकाशी, समुद्राला खेटून टीआयएफआर म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. न्यूट्रिनो या सूक्ष्म कणाच्या इतिहासात तिचं नाव पक्कं आहे, पण ते कमावलं कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीत. मुंबईत ते जमणं शक्यच नव्हतं.

भौतिकशास्त्रज्ञ पाउली यांनी १९३० मध्ये कागदावर मांडलेला हा कण रेन्स आणि कोवन या शास्त्रज्ञांना १९५६ मध्ये अणुभट्टीशेजारी सापडला. विद्युतभार नाही, वस्तुमान नगण्य, आणि कशात अडकायची सवय नाही. सूर्याकडून आलेले सुमारे ६,५०० कोटी न्यूट्रिनो दर सेकंदाला आपल्या नखाएवढ्या जागेतून आरपार जातात. अंतराळातून येणारे वैश्विक किरण हवेवर आदळले की वातावरणातही न्यूट्रिनो तयार होतात. ते पकडायचे तर अडचण म्युऑनची, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या जड भावंडाची. हे कण जमिनीवर सतत बरसत असतात आणि त्या गदारोळात न्यूट्रिनोची चाहूल लागत नाही.

होमी भाभांच्या सांगण्यावरून टीआयएफआरचे बी. व्ही. श्रीकांतन पन्नासच्या दशकात कोलारला उतरले, ते खोलीनुसार म्युऑन किती घटतात हे मोजायला. पुढे पावणेतीन किलोमीटर खोलीवर उपकरण लावलं, तर दोन महिन्यांत एकही म्युऑन आला नाही. एरवी असा निकाल पाहून लोक हिरमुसतात. इथे मात्र हवी तशी शांत जागाच हाती लागली होती.

मग टीआयएफआर, जपानचं ओसाका आणि इंग्लंडचं डरहॅम विद्यापीठ यांनी सुमारे २.३ किलोमीटर खोलीवर प्रयोग मांडला. निऑन भरलेल्या काचेच्या नळ्यांच्या भिंती उभ्या केल्या. म्युऑन गेला की त्याच्या वाटेवरच्या नळ्या क्षणभर उजळायच्या आणि कॅमेरा फोटो काढायचा. वरून झिरपलेले म्युऑन उभे येतात. आडव्या येणाऱ्यांना शंभराहून जास्त किलोमीटर खडक भेदावा लागेल, ते त्यांच्या आवाक्याबाहेरचं. म्हणजे आडवी रेघ उमटली, तर शेजारच्या खडकात न्यूट्रिनोनेच तो म्युऑन जन्माला घातला असणार. ही युक्ती मला उपकरणाहून जास्त आवडते.

तशा रेघा १९६५ मध्ये मिळाल्या. दक्षिण आफ्रिकेतल्या खाणीत रेन्स यांचा गटही त्याच मागावर होता. दोन्ही निबंध त्याच ऑगस्टात, दोन आठवड्यांच्या अंतराने छापून आले, कोलारचा आधी. न्यूट्रिनो वाटेत आपला प्रकार बदलतात, हे जपानच्या सुपर-कामिओकांदे या भूमिगत प्रयोगाने १९९८ मध्ये दाखवलं, तेही याच वातावरणातल्या न्यूट्रिनोंवरून. तोवर कोलारची प्रयोगशाळा बंद झाली होती.