पाटीवर उतरवलेला गणपती उलटा का होतो?

कोरी सागवानी पाटी घेऊन जायची, घरी तिच्यावर आपल्या हातानं चित्र उतरवायचं आणि कोरायला आमच्याकडे आणून द्यायची, असं करणारे ग्राहक आता बरेच आहेत. वडिलांनी काढलेला गणपती किंवा आजीच्या रांगोळीतली वेल दारावर लागते, त्याचं मोल आमच्या तयार नमुन्यांना येणार नाही. ट्रेसिंग पेपर वापरायचा कसा, हे बहुतेकांना शाळेपासून ठाऊक असतं. तरी काही पाट्या आम्हाला न कोरता परत द्याव्या लागतात. कारण बहुतेक वेळा एकच असतं: चित्र उलटं उमटलेलं असतं.

चित्रावर ट्रेसिंग पेपर ठेवून गडद पेन्सिलीनं रेघा गिरवतात आणि तोच कागद पाटीवर पालथा टाकून चमच्यानं घासतात. रेघा झकास उमटतात, पण डावी-उजवी बाजू आरशातल्यासारखी बदलते. नाव असलं तर चूक लगेच दिसते. वेल उलटी झाली तरी कुणाचं अडत नाही. गणपती मात्र डाव्या सोंडेचा उजव्या सोंडेचा होऊन बसतो. प्रभादेवीचा आणि सिद्धटेकचा सिद्धिविनायक उजव्या सोंडेचेच आहेत, पण त्याचं सोवळं कडक, असं मानून अनेक घरांत तो ठेवत नाहीत. गेल्या वर्षी एका घरी ही गोष्ट पाटी दारावर लावल्यावर लक्षात आली. लाकूड एकदा कोरलं की रेघ परत भरता येत नाही. ती पाटी आम्ही नव्यानं करून दिली, आणि तेव्हापासून विचारल्याशिवाय सोंडेला पटाशी लावत नाही.

इथे आणखी एक घोळ होतो. सोंड डावी की उजवी, हे गणपतीच्या बाजूनं ठरतं. आपल्याला समोरून ती आपल्या उजवीकडे वळलेली दिसली, तर तो डाव्या सोंडेचा. फोनवर सांगताना कृपया तेवढं पाहून सांगा.

आता नीट उतरवायचं कसं? मूळ चित्राच्या कोपऱ्यात आधी बारीक ‘श्री’ लिहा आणि चित्राबरोबर तेही एचबी पेन्सिलीनं गिरवा. कागद पालथा करून मागच्या बाजूनं फक्त चित्राच्या रेघांवरून २बी किंवा ४बी फिरवा. सगळा कागद काळा करू नका, नाहीतर हाताच्या दाबानं पाटीभर डाग पडतात आणि ते पॉलिशखाली कायमचे राहतात. मग कागद पुन्हा सुलटा करून पाटीवर ठेवा. ‘श्री’ हे अक्षर वरून सरळ वाचता आलं, तर चित्र बरोबर उमटणार. वरच्या कडेला मास्किंग टेप लावा, म्हणजे कागद न हलता खालून उचलून पाहता येतो. शेवटी २एच पेन्सिल किंवा शाई संपलेलं बॉलपेन हलक्या हातानं रेघांवरून फिरवा. जोर दिला तर लाकडात चर पडतो.

कार्बन पेपर चालेल का, असं बरेच जण विचारतात. आम्ही नको म्हणतो. त्याची मेणचट रेघ खोडरबरानं नीट जात नाही आणि पॉलिशखालून डोकावते. पेन्सिलीची रेघ चुकली तर पुसता येते. शिसवीच्या पाटीवर पेन्सिल दिसतच नाही, तिथे मागच्या बाजूला पांढरा खडू लावा. पावसाळ्यात ट्रेसिंग पेपर दमट हवेनं फुगतो, म्हणून गिरवणं आणि उमटवणं एकाच बैठकीत उरका.

पाटी आली की आम्ही तिचा फोटो तुम्हाला पाठवतो आणि तुमचा होकार आल्यावरच कोरायला घेतो. यात एक दिवस जातो, त्यावर काहींची नाराजीही असते. पण तुमच्या रेघेत आपल्या मनानं बदल करणं आम्हाला पटत नाही, आणि उलटी रेघ तशीच कोरणं तर मुळीच नाही.

प्रत्येक कोऱ्या पाटीसोबत ट्रेसिंग पेपरचे दोन कागद आणि २बी, २एच अशा दोन पेन्सिली आम्ही देतो, त्यांचे वेगळे पैसे नाहीत. हात बसलेला नसेल तर मूळ चित्र घेऊन दुकानात या, समोर बसवून उतरवून देऊ. गणेशचतुर्थीला पाटी दारावर हवी असेल, तर ती आषाढ संपायच्या आत आमच्याकडे पोचू द्या. श्रावणात पटाश्यांना उसंत नसते.