न खपलेल्या गाड्यांना सोन्याचा भाव: मर्यादित मसल कारची पार्श्वभूमी

मोजक्याच बनलेल्या मसल कारची, म्हणजे साध्या गाडीत भलंमोठं इंजिन बसवलेल्या अमेरिकन गाडीची, किंमत पुढे वाढते का, हा प्रश्न अमेरिकेत दर काही वर्षांनी नव्याने विचारला जातो. 'हो' म्हणणाऱ्यांचा ठरलेला दाखला असतो क्रायस्लरच्या प्लिमथ ब्रँडच्या १९७१ च्या हेमी कुडा कन्व्हर्टिबलचा, म्हणजे उघडणाऱ्या छताच्या गाडीचा. या गाड्या फक्त ११ बनल्या आणि जून २०१४ मध्ये सिएटलला मेकम या लिलावघराच्या लिलावात त्यातल्या एकीवर ३५ लाख डॉलरला हातोडा पडला. मात्र हे ११ कुणी ठरवले, याकडे सहसा लक्ष जात नाही. कंपनीने ठरवले नव्हते. तेवढीच गिऱ्हाइकं आली.

या गाड्यांचा साठ वर्षांचा इतिहास पाहताना माझं मत याच मुद्द्यावर पक्कं झालं. भाव चढला तो ज्या खपल्या नाहीत, ज्यांची कुणी कदर केली नाही, अशा गाड्यांचा. 'संग्रहासाठी' म्हणून कारखान्यानेच मोजून काढलेल्या गाड्यांची कहाणी अगदी वेगळी आहे.

सुरुवात १९६४ ची. मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचापेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही, असा जनरल मोटर्सचा अंतर्गत नियम होता. पाँटिअॅक विभागाचे मुख्य अभियंता जॉन डीलोरिअन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातून पळवाट काढली. नवं मॉडेल न काढता टेम्पेस्ट लमाँ या साध्या गाडीवर जादा पैसे देऊन घ्यायचं पॅकेज म्हणून त्यांनी ३८९ घनइंचाचं, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचं व्ही-८ इंजिन देऊ केलं. नाव ठेवलं जीटीओ. पहिल्याच वर्षी ३२,४५० गाड्या खपल्या. मग फोर्ड, क्रायस्लर, शेव्हर्ले, ब्यूक सगळेच या शर्यतीत उतरले.

विकत घेणारे बहुतेक विशी-पंचविशीतले. गाडी हप्त्यावर घ्यायची, डेट्रॉईटच्या वुडवर्ड अॅव्हेन्यूवर रात्री सिग्नल ते सिग्नल पळवायची, रविवारी पाव मैलाच्या ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे सरळ रेषेतल्या शर्यतीच्या पट्ट्यावर न्यायची. इंजिन फुटलं की दुसरं बसवायचं. मिशिगन-ओहायोत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने पत्रा खालून सडायचा. ही गाडी जपून ठेवायची असते, हा विचारच तेव्हा नव्हता, आणि पुढच्या किमतींचं मूळ इथे आहे. हजारोंनी बनलेल्या गाड्यांतल्या धड स्थितीतल्या फार थोड्या उरल्या.

आकडा खरोखरच लहान असलेल्या गाड्या बहुतेक शर्यतीच्या नियमांमुळे जन्मल्या. शर्यतीत उतरवायची गाडी सामान्य गिऱ्हाइकालाही विकली गेलीच पाहिजे, अशी अट असायची. नॅस्कार या अमेरिकन शर्यत-संघटनेत १९६९ साली हा आकडा ५०० होता. क्रायस्लरच्याच डॉजने टोकदार नाकाची आणि मागे उंच पंख असलेली चार्जर डेटोना ५०३ बनवली. २४ मार्च १९७० रोजी बडी बेकर यांनी टॅलाडेगाच्या ट्रॅकवर डेटोनामध्ये ताशी २०० मैलांचा टप्पा ओलांडला. त्याच वर्षासाठी नॅस्कारने अट वाढवली, त्यामुळे प्लिमथला त्याच घडणीची सुपरबर्ड १,९०० हून अधिक बनवावी लागली.

ट्रॅकवर गाजलेली ही गाडी शोरूममध्ये मात्र अडून बसली. लोकांना ते नाक आणि पंख विचित्र वाटायचे. काही डीलरांनी चक्क नाक-पंख काढले, प्लिमथच्याच साध्या रोडरनर गाडीचे भाग बसवले आणि गाडी कशीबशी खपवली. हेमी इंजिन असलेल्या एका सुपरबर्डला २०२२ साली मेकमच्या इंडियानापोलिस लिलावात १६.५ लाख डॉलर मिळाले.

याहून बोलकं उदाहरण १९६९ च्या कमॅरो झेडएल-१ चं. इलिनॉयमधल्या ला हार्प या लहानशा गावातले शेव्हर्लेचे डीलर फ्रेड गिब यांना ड्रॅग रेसिंगचं वेड होतं. त्यांनी कंपनीच्या विशेष ऑर्डर पद्धतीतून, म्हणजे 'कोपो'तून, पूर्ण अॅल्युमिनिअमचं ४२७ घनइंची इंजिन बसवलेल्या ५० कमॅरो मागवल्या. शर्यतीच्या मान्यतेसाठी तेवढ्या लागत होत्या. गाड्या आल्या तेव्हा एकेकीची किंमत सुमारे ७,२०० डॉलर निघाली. साधी व्ही-८ कमॅरो तीन हजारांच्या आत मिळत असताना एवढे पैसे कोण देणार? बहुतेक गाड्या कंपनीकडे परत गेल्या आणि इतर डीलरांकडे वाटल्या गेल्या. वर्षाअखेरीस सगळ्या मिळून ६९ बनल्या होत्या. काही तर इंजिन काढून, साधं इंजिन घालून विकाव्या लागल्या. आज अस्सल झेडएल-१ लिलावात आली की बोली लाखो डॉलरांत जाते.

हेमी कुडाचे ११ याच रांगेत बसतात. ४२६ घनइंचाच्या, सुमारे सात लिटरच्या हेमी इंजिनासाठी १९७१ साली जवळपास नऊशे डॉलर जादा पडायचे. विमा कंपन्यांनी तरुण चालकांचे हप्ते इतके वाढवले होते की गाडीच्या हप्त्याहून विमा जड व्हायचा. १९७० चा क्लीन एअर कायदा आला, १९७१ पासून जनरल मोटर्सने इंजिनांचं कॉम्प्रेशन, म्हणजे इंधन-हवेचं मिश्रण दाबण्याचं प्रमाण, कमी केलं आणि ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेलाची निर्यात रोखली. पेट्रोलसाठी रांगा लागल्यावर सात लिटरची गाडी दारात कुणाला हवी? जीटीओ १९७४ नंतर बंद झाली. त्या वर्षांत या गाड्या पडत्या भावात हातोहात फिरल्या आणि बऱ्याच भंगारात गेल्या.

याच सुमारास 'आज घ्या, उद्या श्रीमंत व्हा' हा खेळ सुरू झाला, आणि यातलं सर्वांत शिकण्यासारखं प्रकरण १९७८ चं आहे. त्या वर्षी इंडियानापोलिस ५०० शर्यतीची पेस कार, म्हणजे सुरुवातीला शर्यतीच्या गाड्यांपुढे धावणारी गाडी, होती शेव्हर्लेची कॉर्वेट. काटेकोर बोलायचं तर कॉर्वेट ही स्पोर्ट्स कार, पण बाजाराचं गणित तेच. शेव्हर्लेने आधी मोजक्याच प्रती काढायचं ठरवलं होतं. मग डीलरांची मागणी पाहून प्रत्येकाला निदान एक मिळावी म्हणून आकडा ६,५०२ वर गेला. छापील किंमत होती १३,६५३ डॉलर. मार्च १९७८ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने या गाडीवरच्या सट्ट्याची बातमी दिली आणि झुंबड उडाली. लोकांनी दुप्पट पैसे मोजले, गाडी गॅरेजमध्ये ठेवली आणि आसनांवरचं प्लास्टिकसुद्धा काढलं नाही.

सगळ्यांनीच ठेवली, हीच अडचण झाली. साडेसहा हजारांतल्या गाड्या सडल्या नाहीत, ठोकल्या गेल्या नाहीत, भंगारात गेल्या नाहीत. पन्नास वर्षं होत आली तरी बाजारात कमी किलोमीटर चाललेल्या पेस कारचा तुटवडा नाही आणि चांगल्या स्थितीतली गाडी २५-३० हजार डॉलरच्या आसपास मिळते. १९७८ चे १३,६५३ डॉलर महागाई धरून आजचे ६० हजारांहून जास्त होतात. ज्यांनी दुप्पट भावाने घेतली, त्यांच्या नुकसानीचा अंदाज यावरून करता येईल. मला यातल्या सामान्य माणसांबद्दल वाईट वाटतं. वर्तमानपत्रातली बातमी वाचून, मुलाच्या शिक्षणाला कामी येईल म्हणून गाडी घेणारे त्यांत असणारच.

कॅडिलॅकच्या १९७६ च्या एल्डोराडो कन्व्हर्टिबलचंही तसंच झालं. 'शेवटची अमेरिकन कन्व्हर्टिबल' म्हणून सुमारे १४,००० गाड्या विकल्या गेल्या. १९८४ साली कंपनीने पुन्हा कन्व्हर्टिबल काढली तेव्हा चिडलेले मालक कोर्टात गेले.

मोजून काढलेल्या गाड्यांपैकी खरोखर चढलेली एक म्हणजे १९८७ ची ब्यूक जीएनएक्स. टर्बो लावलेलं ३.८ लिटरचं व्ही-६ इंजिन, काळा रंग, फक्त ५४७ गाड्या, किंमत २९,२९० डॉलर. शेवटच्या क्रमांकाची, जेमतेम साडेआठ मैल चाललेली जीएनएक्स जानेवारी २०१९ मध्ये बॅरेट-जॅक्सन या लिलावघराच्या स्कॉट्सडेल लिलावात कमिशन धरून २ लाख २० हजार डॉलरला गेली. बत्तीस वर्षांत साडेसातपट.

ऐकायला मोठं वाटतं, पण हिशेब मांडून पाहावा. अमेरिकी शेअर बाजाराचा एस अँड पी ५०० निर्देशांक १९८७ च्या उन्हाळ्यात ३०० च्या आसपास होता आणि जानेवारी २०१९ मध्ये २,६०० च्या पुढे. म्हणजे साडेआठपटीहून जास्त, आणि त्यात लाभांश धरलेला नाही. शिवाय शेअरला गॅरेज लागत नाही. गाडीचा विमा भरावा लागतो, रबर सुकतं, टाकीतलं पेट्रोल खराब होतं, टायर न चालताही म्हातारे होतात आणि विकताना लिलावघर आपला वाटा घेतं. हे सगळं सर्वांत भाग्यवान जीएनएक्सच्या बाबतीत. साडेआठ मैलांऐवजी मालकाने तिचा आनंद घेतला असता तर एवढा भावही आला नसता.

मसल कारचा बाजार खऱ्या अर्थाने तापला २००० नंतर. साठच्या दशकात ज्यांना या गाड्या परवडत नव्हत्या ती पिढी पन्नाशीत आली होती आणि तिच्या हातात पैसा होता. १९७१ पासून चालत आलेला बॅरेट-जॅक्सनचा लिलाव टीव्हीवर थेट दिसू लागला. २००६-०७ ला भाव शिगेला पोचले, आणि २००८ च्या मंदीत बऱ्याच गाड्यांचे भाव कोसळले. अगदी वरच्या दुर्मिळ गाड्या पुढे सावरल्या, मधल्या थराला वेळ लागला. वरच्या थरालाही मर्यादा असतेच. २०२१ साली १९७१ ची अशीच एक हेमी कुडा कन्व्हर्टिबल मेकमच्या लिलावात आली, बोली ४८ लाख डॉलरवर थांबली आणि मालकाची अपेक्षा त्याहून जास्त असल्याने गाडी विकली गेली नाही.

भाव चढले तशा नकलाही वाढल्या. साध्या कुडात हेमी बसवून ती अस्सल म्हणून खपवणं अवघड नव्हतं. त्यामुळे कागदांना किंमत आली. इंजिनावरचा क्रमांक गाडीच्या क्रमांकाशी जुळतो का, क्रायस्लरच्या गाडीच्या क्रमांकात पाचव्या जागी हेमीचं 'आर' अक्षर आहे का, फेंडरवरची, म्हणजे चाकावरच्या पत्र्यावरची, माहितीची पट्टी मूळची आहे का, आसनाखाली दडलेला कारखान्याचा बिल्ड शीट, म्हणजे गाडीत काय काय बसवायचं याची यादी, सापडतो का. फोर्डच्या १९६७ पासूनच्या गाड्यांसाठी केव्हिन मार्टी यांच्याकडे कंपनीच्या उत्पादनाच्या नोंदी आहेत, पाँटिअॅकसाठीही तशी सोय आहे. शेव्हर्लेच्या बाबतीत नोंदी फारशा उरल्या नाहीत, म्हणून तिथे फसगत जास्त.

अलीकडचा अध्याय डॉज डेमनचा. २०१८ ची डेमन ८४० अश्वशक्तीची, जास्तीत जास्त ३,३०० बनवायची असं आधीच जाहीर केलेलं. २०२३ ची डेमन १७० तर १,०२५ अश्वशक्तीची, मर्यादा पुन्हा तेवढीच. अनेक डीलरांनी छापील किमतीवर हजारो डॉलर लावले, म्हणजे चढायचा तो भाव पहिल्याच दिवशी डीलरच्या खिशात गेला. २२ डिसेंबर २०२३ रोजी कॅनडातल्या ब्रॅम्प्टनमध्ये शेवटची डेमन १७० तयार झाली. यातल्या कितीतरी गाड्या पेस कारसारख्याच, रस्ता न पाहता झाकून ठेवलेल्या आहेत. 'पेट्रोलवरची शेवटची राक्षसी मसल कार' या आशेवर त्या उभ्या आहेत. पण जून २०२५ मध्ये त्याच उद्योगसमूहाच्या रॅम या पिकअप ब्रँडने ५.७ लिटरचं हेमी पुन्हा आपल्या पिकअपमध्ये आणत असल्याचं जाहीर केलं. तेच हेमी उद्या एखाद्या दोन दारी डॉजमध्ये परतलं, तर डेमनच्या मालकांची गत १९८४ च्या एल्डोराडोवाल्यांसारखी होऊ शकते.