काळ्या भुकटीत काम कोण करतं?

आमच्या गिरगावातल्या घरी दर आठ-दहा दिवसांनी आईच्या कानातल्या मशीनचा सेल बदलावा लागतो. करंगळीच्या नखाएवढा सेल, पाठीवर रंगीत चिकटपट्टी. ती सोलली की खाली सुईच्या टोकाएवढी भोकं दिसतात. मग सेल मिनिटभर तसाच उघडा ठेवायचा, कारण त्याला आधी हवा लागते. आत फक्त जस्त असतं. त्याचा जोडीदार ऑक्सिजन बाहेरून येतो. म्हणूनच एवढ्याशा डबीत इतकी ऊर्जा मावते.

भोकांच्या आड एक पातळ काळा थर असतो, कार्बनचा, त्यात मँगनीजचं ऑक्साइड मिसळलेलं. हवेतला ऑक्सिजन इथे इलेक्ट्रॉन घेतो. याला ऑक्सिजनचं क्षपण म्हणतात. ऑक्सिजनच्या दोन अणूंमधला बंध चिवट असतो. चांगला उत्प्रेरक नसेल तर काम रखडतं, नाहीतर अर्धवट राहून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. हायड्रोजनवर चालणाऱ्या फ्युएल सेलचंही हेच दुखणं. कागदावर तिथे 1.23 व्होल्ट मिळायला हवेत, प्रत्यक्षात बरेच कमी मिळतात, आणि त्यातली मोठी घट ह्या एका पायरीवर होते.

तिथे आजवर प्लॅटिनमचा आधार आहे. कार्बनवर काही नॅनोमीटरचे कण पसरवलेले असतात. 3 नॅनोमीटरच्या कणात साधारण एक तृतीयांश अणूच पृष्ठभागावर असतात, पण निदान ते मोजता येतात. पृष्ठभागावर हायड्रोजनचा एकपदरी थर चढवायचा आणि किती विद्युतभार लागला ते बघायचं. एका चौरस सेंटिमीटरला 210 मायक्रोकुलोम, हा ठरलेला आकडा. भागाकार केला की झालं.

प्लॅटिनम महाग, म्हणून लोखंडासारख्या धातूंकडे वळायचं. 1964 साली जॅसिन्स्की ह्या संशोधकांनी दाखवलं की कोबाल्ट थॅलोसायनिन हे काम करू शकतं. त्यात कोबाल्टच्या एका अणूला नायट्रोजनच्या चार अणूंनी धरलेलं असतं. आपल्या रक्तातलं लोखंडही असंच चार नायट्रोजनच्या पकडीत बसलेलं असतं. त्या वाटेनं पुढे लोखंडाचा क्षार, नायट्रोजन असलेला पदार्थ आणि कार्बन एकत्र करून 900 अंश सेल्सिअसच्या आसपास भाजण्याची पद्धत रुळली. मग आम्लानं धुवायचं. हाती येते एक काळी भुकटी.

खरी अडचण इथून सुरू होते. त्या भुकटीत चार नायट्रोजनांनी धरलेले सुटे लोखंडाचे अणू असतात, लोखंडाचे कण असतात, कार्बाइड म्हणजे लोखंड आणि कार्बनचं संयुग असतं. काही कणांवर कार्बनचं असं कवच चढलेलं असतं की आम्लही आत पोचत नाही. यातलं काम नेमकं कोण करतं?

उत्तम इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली लोखंडाचे सुटे अणू पांढऱ्या ठिपक्यांसारखे चमकतात. फोटो बघून माणूस हरखतोच. पण तो भुकटीचा अगदी इवलासा कोपरा असतो, तोही निर्वात जागेतला. ठिपका कार्बनच्या पोटात गाडलेला आहे की ऑक्सिजनला भेटू शकतो, ते त्यावरून कळत नाही.

दुसरा मार्ग एक्स-रेचा. त्यासाठी मुंबईतून इंदूर गाठायचं, तिथल्या इंडस-2 ह्या सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे प्रखर एक्स-रे देणाऱ्या यंत्रावर. तिथल्या एक्साफ्स मोजणीच्या (अणूचे शेजारी किती अंतरावर आहेत ते एक्स-रेनं ओळखायच्या) बीमलाइन आपल्या तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं उभारलेल्या आहेत. भुकटी सेल्युलोजमध्ये मिसळून तिची गोळी दाबतात, पिवळ्या कॅप्टॉन टेपमध्ये बसवतात आणि 7112 इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास किरण सोडतात. शेजारी 2 अँगस्ट्रॉमवर (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा कोटीवा भाग) असला तर नायट्रोजनसारखा हलका अणू, अडीचच्या आसपास असला तर दुसरं लोखंड. मात्र नायट्रोजन आणि ऑक्सिजन ह्यांच्यात फरक करणं इथे अवघड, आणि मिळतं ते सगळ्या अणूंचं सरासरी उत्तर. दहा आळशी अणूंच्या गर्दीत एक कष्टाळू अणू लपून जातो.

म्हणून मला सगळ्यात भावते ती विष घालून बघण्याची युक्ती. जुन्या चाळीत जिन्याखाली मीटरचा बोर्ड असतो, फ्यूजवरची खोल्यांची नावं कधीच पुसली गेलेली. वायरमन एकेक फ्यूज काढतो आणि वर हाक मारतो, "गेली का लाइट?" इथेही तेच. लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या गटानं 2016 साली नायट्राइट वापरलं. ते लोखंडाच्या जागेवर चिकटतं आणि ऑक्सिजनचं काम मंदावतं. मग विजेनं ते सोडवून घ्यायचं. एका जागेमागे पाच इलेक्ट्रॉन लागतात, म्हणजे लागलेल्या भारावरून जागांची संख्या निघते. वायरमनच्या हाकेला उत्तर तर मिळतंच, वर खोल्याही मोजून होतात.

कार्बन मोनॉक्साइडची गोष्ट याहून चकवणारी. बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरमुळे गुदमरण्याच्या बातम्या आपण वाचतो. तिथे हाच वायू रक्तातल्या लोखंडाला घट्ट धरतो. ह्या भुकटीतल्या लोखंडाला मात्र नेहमीच्या तापमानाला तो जवळजवळ शिवतच नाही. म्हणून लोखंड खरंच काम करतं का, अशी शंका बरीच वर्षं घेतली गेली. भुकटी उणे 80 अंशांपर्यंत थंड केल्यावर तो चिकटला, आणि मोजताही आला. एका ग्रॅममध्ये अशा जागा एकावर एकोणीस शून्यांच्या घरात भरतात. ऐकायला अफाट, पण ग्रॅमभर कार्बनमध्ये अणूच इतके असतात की हजारो अणूंमागे जेमतेम एखादी जागा येते.

दोन्ही पद्धतींचे आकडे तंतोतंत जुळत नाहीत. वायू कोरड्या भुकटीच्या बारीक छिद्रांत शिरतो, नायट्राइट पाण्यातून जिथवर जाईल तिथवरच. तरीही हा आकडा हवाच. एखाद्यानं भुकटीतून दुप्पट वीज मिळवली, तर जागा दुप्पट झाल्या की प्रत्येक जागा दुप्पट वेगानं काम करू लागली? दोन्हींचे पुढचे प्रयोग पूर्ण वेगळे. मोजणी नसताना जाहीर केलेल्या विक्रमांवर माझा विश्वास बसत नाही.

आणि सगळे चार-नायट्रोजनवाले अणूही एकसारखे नाहीत. मॉसबाउअर वर्णपटात, म्हणजे गॅमा किरणांनी लोखंडाची अवस्था ओळखायच्या तपासणीत, त्यांच्या रेषांच्या दोन जोड्या दिसतात, डी-1 आणि डी-2. फ्युएल सेल तासन्‌तास चालवून भुकटी परत तपासली, तर डी-1 ची जोडी बरीच ओसरलेली असते आणि तिच्या जागी लोखंडाचं ऑक्साइड दिसतं, म्हणजे चक्क गंज. डी-2 टिकून राहते. आता शोध आहे तो भाजतानाच डी-2 जास्त कसे बनवायचे, याचा.