फोटो पेपर 'प्लास्टिकचा' असतो, मग पाण्याने काय होतंय?

फॉरवर्डमध्ये कायम येतं की स्टुडिओतून मिळणारा रंगीत फोटो प्लास्टिकचा असतो, भिजला तर फडक्याने खसाखसा पुसा, काही होत नाही. असं वाटणं साहजिक आहे, हाताला तो प्लास्टिकसारखाच लागतो. पण कृपया पुसू नका.

मधे साधा कागदच असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पॉलिथिनचा पातळ थर. चित्राकडच्या थरात पांढरेपणासाठी टायटॅनियम डायऑक्साइड. हा प्रकार १९७० च्या सुमारास रुळला, कारण या थरांमुळे मधला कागद फोटो तयार करतानाचं केमिकल पीत नाही, मग ते पाण्याने धुऊन काढणं काही मिनिटांत उरकतं. सुरुवातीच्या काही पेपरना बारीक भेगा पडायच्या, कारण तोच टायटॅनियम डायऑक्साइड उजेडात पॉलिथिन ठिसूळ करायचा, मग ते रोखणारं रसायन, म्हणजे स्टॅबिलायझर, घालायला लागले. पण चित्र प्लास्टिकच्या आत नसतंच! ते सगळ्यात वर, जिलेटिन नावाच्या जेलीसारख्या पदार्थाच्या थरात असतं, आणि जिलेटिन पाण्याने फुगून मऊ पडतं, म्हणून तर पावसाळ्यात फोटो फ्रेमच्या काचेला चिकटतो.

तपासायचंय? लॅबमधला एखादा नको असलेला प्रिंट घ्या, कोपरा हळू फाडा, मधे कागदाचे तंतू दिसतील. मग तुकडा पाण्यात भिजवून नखाने खरवडा, रंगाचा थर सुटून येतो. कापलेल्या कडेतूनही पाणी आत शिरतं, ते वेगळंच.

चांगला फोटो भिजलाच तर चित्राला हात न लावता, चित्र वर ठेवून सावलीत वाळू द्या. घरच्या इंकजेट प्रिंटरचा पेपर वेगळा असतो, तिथे शाईच पसरू शकते, त्यामुळे तोही पुसायचा नाही.