संगीत संशयकल्लोळ

गोविंद बल्लाळ देवल (१८५५–१९१६) यांचे नवरा-बायकोच्या मत्सरावरचे मराठी संगीत नाटक. मूळ धागा मोलिएरच्या १६६० सालच्या 'स्गानारेल' या फ्रेंच प्रहसनाचा. त्यावरून आर्थर मर्फीने १७६१ मध्ये 'ऑल इन द राँग' लिहिले आणि देवलांनी ते मराठीत आणले. १८९३ मध्ये ते 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' या नावाने गद्यात होते. पुढे त्यात पदे घालून झालेले संगीत रूप गंधर्व नाटक मंडळीने १९१६ मध्ये रंगभूमीवर आणले. देवल त्याच वर्षी जूनमध्ये वारले होते.

घोटाळा सुरू होतो तो भर रस्त्यात. रेवतीला घेरी येते आणि शेजारून जाणारा फाल्गुनराव तिला सावरतो. नेमकी त्याच वेळी त्याची बायको कृत्तिका ते वरून पाहते. ती तरातरा खाली येते तोवर दोघे निघून गेलेले असतात आणि तिच्या हाती लागते ती रेवतीकडून पडलेली, तिच्या प्रियकराची म्हणजे आश्विनशेठची तसबीर. ती ती न्याहाळत असतानाच फाल्गुनराव परततो. आता संशयाची पाळी त्याची. पुढे हीच तसबीर फाल्गुनरावाच्या हातात पाहून आश्विनशेठचेही मन फिरते. या नाटकात खोटे असे कोणी फारसे बोलतच नाही. जो तो स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवतो, आणि फसतो.

देवलांनी शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो' या शोकांतिकेचे 'झुंझारराव' हे मराठी रूपही केले होते, हे इथे ध्यानात घ्यायला हवे. तिथे चुकीच्या हाती गेलेल्या रुमालापायी जीव जातो, इथे चुकीच्या हाती गेलेल्या तसबिरीपायी घरभर आरडाओरडा होतो. मत्सराची ही दोन्ही टोके एकाच लेखणीने हाताळली.

नाटक परक्या मुळाचे आहे, हे प्रेक्षकाला जाणवतही नाही. पुरुषांना महिन्यांची नावे आणि बायकांना नक्षत्रांची, ही योजनाच किती घरगुती! गड्याचे नावसुद्धा भादव्या. आणि फाल्गुन हा तर शिमग्याचा महिना. मात्र सर्वांत मोलाचा बदल रेवतीचा. मर्फीची नायिका भल्या घरातली मुलगी आहे, तर देवलांची रेवती नायकिणीच्या घरात वाढलेली. त्यामुळे 'ही बहुचपल वारांगना' असे आश्विनशेठ गातो तेव्हा त्या संशयामागे सगळा समाज उभा असतो, आणि प्रहसनाला एकदम खोली येते.

पहिल्या संचात बालगंधर्व रेवती आणि गणपतराव बोडस फाल्गुनराव होते. गाणी मुख्यतः प्रेमी जोडीच्या वाट्याला येतात. फाल्गुनराव रंगतो तो बोलण्यावर, म्हणून या भूमिकेला गवई नव्हे, शब्दाची फेक आणि विरामाची जाण असलेला नट लागतो. बोडसांचे नाव या भूमिकेशी कायमचे जोडले गेले ते यामुळेच. आश्विनशेठच्या भूमिकेत पुढे छोटा गंधर्व गाजले. 'मृगनयना रसिक मोहिनी' आणि 'कर हा करी धरिला शुभांगी' ही पदे नाट्यसंगीताच्या मैफलीत आजही फर्माइशीने गायली जातात. शेवटच्या 'हृदयी धरा हा बोध खरा' या पदात देवलांनी संशयाला 'झोटिंग' म्हटले आहे, म्हणजे मानगुटीवर बसणारे भूत.

अलीकडच्या पुनरुज्जीवित प्रयोगांत प्रशांत दामले फाल्गुनराव आणि राहुल देशपांडे आश्विनशेठ होते.