स्वतःहून पळणारे कण आणि विसरलेलं जडत्व

उष्मागतिकी म्हटलं की सांगलीतल्या बीएस्सीच्या पोरांना कार्नोचं इंजिन आठवतं, सिलॅबसच तसा आहे. पण स्वतःच इंधन खाऊन पळणाऱ्या कणांचं तापमान काय धरायचं, असं विचारलं की सगळे गप्प, आणि ते का हे कळायला जरा मागं जावं लागतं.

१८२७ मध्ये ब्राउनला पाण्यात बारीक कण थरथरताना दिसले, १९०५ ला आइनस्टाइननं त्याचा हिशोब मांडला आणि १९०८ मध्ये लाँजव्हँनं सरळ न्यूटनचा नियम घेतला, त्यात घर्षण घातलं आणि वरनं रँडम धक्के. म्हणजे वस्तुमान समीकरणात पहिल्यापासून होतंच की! ते गेलं बॅक्टेरियामुळं. पर्सेलनं १९७७ मध्ये दाखवलं की बॅक्टेरियानं पोहणं थांबवलं तर तो एका अणूच्या रुंदीइतकंही पुढं सरकत नाही, एवढं पाण्याचं घर्षण. मग कशाला वागवायचं जडत्व? काढून टाकलं. २००४ मध्ये पेन स्टेटमध्ये अयुस्मान सेन वगैरे मंडळींनी हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये सोन्या-प्लॅटिनमच्या काड्या पळवल्या, त्याही मायक्रॉनच्या मापाच्या, त्यामुळं सवय तशीच राहिली.

मोठे कण आल्यावर मात्र अडलं. तासगावला बेदाण्याची चाळण थरथरते आणि बेदाणा सरकतो, तशी थरथरती प्लेट, फक्त वरच्या प्लास्टिकच्या तुकड्यांना तिरके पाय, त्यामुळं ज्याचा त्याचा रस्ता वेगळा. २०१८ मध्ये जर्मनीत शोल्झ, लोवेन यांनी असल्या तुकड्यांवर मोजलं की तोंड वळतं आधी आणि वेगाची दिशा वळते मागनं. हा उशीर म्हणजेच जडत्व.

खरी गंमत २०१९ ची. मंडल, लिबशेन आणि लोवेन यांनी सिम्युलेशनमध्ये दाखवलं की असे कण दाट आणि विरळ अशा दोन भागांत वाटले जातात आणि दोन्हींचं गतिज तापमान, म्हणजे कणांच्या वेगावरनं काढलेलं तापमान, वेगळं राहतं, दाट भाग थंड! पाणी आणि वाफ एकत्र नांदतात तेव्हा तापमान एकच असतं, इथं तसं नाही, कारण गर्दीत धक्का बसून गेलेला वेग वस्तुमानामुळं लगेच परत येत नाही, तोवर पुढचा धक्का बसतो. जडत्व काढलं की हा फरकच नाहीसा होतो.

एन्ट्रॉपीचं, म्हणजे घडलेलं उलटवणं किती अवघड याच्या मापाचं, भांडण अजून चालूच आहे: असे कण ती किती तयार करतात? काळ उलटा फिरवला की वेगाचं चिन्ह बदलतं, पण कणाला ढकलणाऱ्या बळाचंही बदलायचं का, यावर उत्तर वेगवेगळं येतं. माझ्या मते ते आतली मोटर कशी चालते यावर ठरवावं, नुसतं समीकरण बघून नाही.